पावसाळ्यात न विकणारे शेट

त्यांच्या दुकानात पावसाळ्यात हौसेची एकही वस्तू विकत मिळत नसे, आणि तरीही सगळ्यांत जास्त माणसे तिथे पावसाळ्यातच येत. घाटावरच्या माणसांना हे सांगितले की ती हसतात. कोकणातल्या माणसाला निदान निम्मे तरी कळते. ज्येष्ठ लागला की आगबोट बंद होई, मचवे किनाऱ्यावर ओढून त्यांच्यावर माडाच्या झापांचे छप्पर चढे, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देईपर्यंत रत्नागिरी जगापासून सुटून एकटीच पावसात उभी राही. त्याआधी ज्याने त्याने आपापली आगोट भरून ठेवलेली असे. भात, मीठ, सुके मासे, लाकडे, सगळे पावसाळाभर पुरेल इतके. त्यानंतर बाजारात जायचे ते काडेपेटी नाहीतर घासलेट आणायला.

पण दुकानदारानेच गिऱ्हाइकाला परत पाठवायचे, हे मी दुसरीकडे कुठे पाहिले नाही.

सगळा गाव त्यांना शेट म्हणे. धंदा पिढीजात बांगड्यांचा. वडील खांद्यावर बांगड्यांचे गाठोडे घेऊन आळीआळीने फिरत. यांनी पेठेत दुकान थाटले. दुकानाची एक बाजू गरजेची. सुया, दोरे, बुतामे, वाती, कंदिलाच्या काचा, पाट्या. दुसरी बाजू नवलाईची. तिथे बिलोरी आरसे होते, अत्तराच्या कुप्या होत्या, रेशमी रिबिनी, गुलाबी साबण, आत फुले गोठवलेले काचेचे गोळे आणि किल्ली दिली की पाण्यावर चालणारी एक पत्र्याची आगबोट होती. भिंतभर बांगड्या. या दोन बाजूंच्या मधे जुन्या शिडाच्या कापडाचा एक पडदा गुंडाळून टांगलेला असे. मोसमातली शेवटची आगबोट मांडवी बंदरासमोर भोंगा देऊन निघाली की शेट दुकानात उठून उभे राहत, दोरी सोडत, आणि तो पडदा खाली येई. नवलाई बंद.

त्यानंतर कोणी काहीही मागितले की त्यांचा एकच प्रश्न असे, "अडलंय की आवडलंय?"

अडले असेल तर मिळे. आवडले असेल तर ते म्हणत, "मग पलीकडे जाऊन बघ. बघायला बंदी नाही."

आणि लोक खरोखर बघायला जात. दुपारी पावसाने पेठ ओस पडली की शेट पडद्यामागे कंदील लावत. शिडाच्या त्या मळकट कापडातून पिवळा उजेड झिरपे, आणि बाहेरच्या माणसाला वाटे की आत एखादे गलबत दिवा लावून उभे आहे. आत गेले की साबणाचा, अत्तराचा आणि ओल्या कापडाचा मिळून एक वास येई. बायका आरशांसमोर उभ्या राहून रिबिनी केसांना लावून पाहत आणि परत ठेवत. म्हातारी माणसे काचेच्या गोळ्यात डोळा घालून बसत. कोणी घाई करीत नसे, कारण घेण्याचा प्रश्नच नव्हता. मीही तिथे एका हिरव्या फाउंटन पेनासाठी एक अख्खा पावसाळा जात होतो. शाई नसलेले ते पेन हातात धरून मी मनातल्या मनात पानेच्या पाने लिहिली. नारळी पौर्णिमेला पडदा वर गेला तेव्हा मात्र मी ते घ्यायला गेलो नाही. इच्छा मेली होती असे नव्हे. ती पेनावाचूनच पुरी झाल्यासारखी वाटत होती.

शेटना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "असं होतं, मास्तर. म्हणून तर दुकान चालत नाही."

दुकान बरे चालत होते. उरलेल्या महिन्यांत शेटसारखा खर्चिक माणूस गावात नव्हता. जरीकाठी उपरणे, कानात अत्तराचा फाया, दुपारी सोडावॉटर, आणि मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक बोटीतून एखादी तरी न लागणारी वस्तू. घरात भिंतीवरची घड्याळेच इतकी होती की मी माडीवरच्या खोल्या भाड्याने मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला विचारले ते एवढेच, "टोल्यांचा त्रास होतो का? ही सगळी एका वेळी वाजत नाहीत. आधीच सांगून ठेवतो."

या प्रश्नाबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. मी पूर्णगडच्या खलाशाचा मुलगा. आमच्या घराण्यात मराठी चौथीच्या पुढे कोणी गेले नव्हते, आणि मी बी.ए. होऊन रत्नागिरीत शाळामास्तर म्हणून आलो होतो. त्याआधी ज्या ज्या दारात मी खोली मागितली तिथे मला आधी आडनाव आणि मग स्वयंपाकात काय शिजेल ते विचारले गेले होते. शेटनी विचारले ते घड्याळांचे.

पावसाळ्यात हाच माणूस ओळखू येत नसे. जाडेभरडे धोतर, अंगात बंडी, अत्तर नाही, सोडा नाही, चहात गूळ. घड्याळांनाही किल्ली देत नसत, "वेळ कळून करायचंय काय?" असे म्हणत. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी काकी म्हणे, कपाळाला हात लावून सांगत, "नऊ महिने नवाब, तीन महिने बैरागी. मी कोणाच्या घरात आले तेच मला अजून कळलं नाही, मास्तर."

नेमाचे कारण मात्र ते प्रत्येकाला वेगळे सांगत. भटजींना चातुर्मास. डॉक्टरांना, दमट हवेत साबण मऊ पडतो. एकदा स्वदेशीचे दोन स्वयंसेवक त्यांचे अभिनंदन करायला आले. परदेशी मालाला आपणहून पडदा लावणारा दुकानदार त्यांनी प्रथमच पाहिला होता. शेटनी त्यांना गुळाचा चहा दिला आणि अभिनंदन मुकाट्याने ऐकून घेतले. पौर्णिमेनंतर तेच दोघे पेठेतून जात होते. दुकानाच्या दारात जपानी बाहुल्यांची रांग लागली होती. एकजण दुखावून म्हणाला, "शेट, हे काय?"

"बाहुल्या," शेट म्हणाले.

खरे कारण त्यांनी मला सांगितले ते एका संध्याकाळी, पडद्यामागे, कंदिलाची काच पुसता पुसता.

"माझे वडील भर पावसात खलाशांच्या आळीत बांगड्या घेऊन जायचे. पुरुष घरी बसलेले, कमाई बंद. बायकांकडे द्यायला काही नसे. पण सण तोंडावर आलेले असत, आणि बांगडी बघितल्यावर हात पुढे होतोच. मग त्या आत जाऊन आगोटीतले तांदूळ आणायच्या. एक शेर, दोन शेर. वडील घ्यायचे. त्यांनी काही फसवलं नाही, मास्तर. पण श्रावणात त्याच घरांतून पेज पातळ व्हायची आणि आमच्या घरी भात शिजायचा. लहानपणी मी तो पोटभर जेवलोय." त्यांनी काच कंदिलावर बसवली. "घरात कमाई नसताना माणसाला सुंदर वस्तू दाखवावी. विकू नये."

 माझे बालपण त्या पातळ पेजेच्या घरात गेले होते, हे त्यांना ठाऊक होते.

बांगड्यांना त्यांनी नेमातून थोडी सूट दिली होती. हात उघडा पडू नये म्हणून एका हाताला दोन, अशा साध्या हिरव्या बांगड्या ते पावसाळ्यातही भरत. त्यांची भरण्याची रीत पाहण्यासारखी होती. बाईचा हात हातात घेऊन ते आधी नुसता दाबत राहत, जसे पीठ मळतात तसे. सांधे सैल झाले की अंगठा तळव्यात वळवून बांगडी अशी फिरवत चढवत की बाईला ती मनगटावर आल्यावरच कळे. मग हात उलटासुलटा करून, कुठे ओरखडा नाही ना ते बघत. "लागलं नाही ना, बाय?" बाई वाकून नमस्कार करी, आणि शेट म्हणत, "मोठं आयुष्य त्याला." त्याला म्हणजे नवऱ्याला, हे कोणाला सांगायची गरज नव्हती.

माझी आक्का, माझी थोरली बहीण, बंदरावरच्या त्या खलाशांच्या आळीतच दिली होती. वडील गेल्यावर पूर्णगडच्या किनाऱ्यावर मासे सुकवून तिने मला शिकवले. माझ्या डोळ्यांसमोर पुस्तक असे तेव्हा तिच्यासमोर मिठाचे टोपले असे. उशिरा तिचे लग्न झाले. भावोजी मंगळूरहून कौले आणणाऱ्या एका मचव्यावर खलाशी होते. घरात ती, ते आणि भावोजींची आई. भावोजी दिलखुलास माणूस. माझ्या बी.ए.चे त्यांना एवढे कौतुक की बंदरावर मला हाक मारताना ते "ओ बीए" अशीच मारत.

एका वर्षी पाऊस लवकर लागला. मंगळूरकडे गेलेले मचवे वाटेतच अडकले. त्यात घाबरण्यासारखे काही नव्हते. असे झाले की मचवा दक्षिणेतल्या एखाद्या खाडीत शिरतो आणि पावसाळाभर तिथेच बसून राहतो. पत्र नाही, निरोप नाही, पौर्णिमेनंतर माणूस दाढी वाढवून घरी येतो. पण शेवटी आलेल्या एका मचव्याच्या लोकांनी सांगितले, की कारवारच्या खाली वादळ झाले आणि समुद्रात एक मोडकी डोलकाठी वाहताना दिसली. कोणाची ते सांगता येत नाही.

तेव्हापासून आळीतल्या माणसांच्या नजरा आक्काच्या मनगटांवर जाऊ लागल्या. सर्वांत आधी तिच्या सासूची. म्हातारीने आपला नवरा समुद्रातच घालवला होता. ती दिवसभर ओटीवर बसे आणि बोलत नसे.

आषाढातल्या एका दुपारी आक्का दुकानात आली. लाकडे फोडताना तिच्या काही बांगड्या वाढल्या होत्या. हातांत दोन-दोनच उरल्या होत्या. पडद्यामागची नवलाई बघायला आलेल्या बायकांनी दुकान भरलेले होते. तिने हात पुढे केले आणि म्हणाली, "शेट, हात भरून द्या. पुरे."

शेट एका कंदिलाची वात सारखी करत होते. त्यांनी दोन-दोन बांगड्या पाहिल्या, तिचा हात हलकेच मागे सारला आणि म्हणाले, "हातात आहेत ना, बाय? मग अडलेलं नाही. पौर्णिमेला ये, कोपरापर्यंत भरीन."

मी शाळेत होतो. मला हे काकींनी नंतर सांगितले. दुकान एकदम गप्प झाले, म्हणाल्या. आक्काने पदर मनगटांवर ओढून घेतला आणि पावसात उतरून गेली. शेटना काही कळले नाही. ते वातच सारखी करत बसले.

बांगड्या भरणारा ज्या एकाच प्रकारच्या बाईचा हात मागे सारतो, ती कोण, हे कोकणात पोरांनाही ठाऊक असते. त्यातून शेटकडे दहा ठिकाणची माणसे येत. त्यांना कुठून तरी बातमी लागली असणार, तोंडाने सांगवत नाही म्हणून हात मागे सारला, असे पेठेतून बंदरापर्यंत जाईतो ठरून गेले. संध्याकाळी आळीतला एक म्हातारा खलाशी माझ्याकडे आला. डोक्यावरचे इरले न काढताच म्हणाला, "तुज्या भैनीच्या सासूनं सांगितलाय, सकाळी ये. भाऊ लागतो. उद्या तिचे हात मोकळे करायचे हायत."

मी खाली येऊन शेटना हे सांगितले. 

"पण मचवा बुडाला असं मी कुठं म्हणालो?"

"तोंडाने नाही म्हणालात," काकी म्हणाल्या.

"दोन-दोन होत्या हातात. मी सगळ्यांनाच सांगतो. कालसुद्धा तीन जणींना सांगितलं."

"त्या तिघींचे नवरे घरी बसून जाळी विणतायत. अहो, तुम्ही बांगडीला नाही म्हणालात, हे तुम्हाला ठाऊक. बघणाऱ्यांना तुम्ही तिला नाही म्हणताना दिसलात."

शेट खाली बसले. त्या घरात इतकी घड्याळे होती, आणि पावसाळ्यामुळे एकही चालत नव्हते.  मी म्हणालो, "मी सकाळी जाऊन समजावतो. तुमचा तसा अर्थ नव्हता म्हणून सांगतो."

"तुम्ही भाऊ. भाऊ तेच सांगणार. कोण ऐकेल?" मग ते म्हणाले, "तिला इथं बोलावून भरल्या, तर म्हणतील दया आली. तेही वाईटच."

सकाळी मी निघालो तेव्हा शेट दुकानाच्या पायरीवर उभे होते. खांद्यावर वडिलांचे गाठोडे. मी ते कधी पाहिले नव्हते. त्याचे कापड इतके विटले होते की मूळचा रंग सांगता येत नव्हता. पडदा एका कोपऱ्यात वर सरकलेला होता.

आम्ही बंदराच्या वाटेला लागलो. पाऊस बारीक झाला होता आणि धुके जमिनीला लागून चालले होते. झापांखालचे मचवे निजलेल्या गुरांसारखे दिसत. आळीच्या तोंडाशी शेट थांबले, घसा साफ केला आणि ओरडले, "बांगड्याऽऽ भरा, बांगड्याऽऽ." आवाज फाटला. दुसऱ्यांदा जरा बरा आला. दारे उघडली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पावसात ती हाक त्या आळीने ऐकली नव्हती.

ते आक्काच्या घराकडे गेले नाहीत. आळीतल्या पहिल्या घराच्या ओटीवर बसले आणि गाठोडे सोडले.

तिथली बाई दारातूनच म्हणाली, "काय शेट, पुनव आजच आली काय?"

"नाही, वयनी."

"मग तुमचा तो सवाल खंय गेला? आमचा अडलाय का आवडलाय, ता इचारा तरी."

"आज माझं अडलंय," शेट म्हणाले. "हात द्या."

ती हसायची थांबली आणि पुढे येऊन बसली. तिचे हात भरून झाल्यावर ती आत गेली आणि सुपातून तांदूळ घेऊन आली. शेट एवढे चटकन मागे सरले की मला वाटले पडतील. "तांदूळ नको. कोणी तांदूळ आणायचे नाहीत. जे काय असेल ते पौर्णिमेनंतर." मग दुसरे घर, तिसरे. कोणाची घाई नाही. प्रत्येकीचा हात दाबायचा, सांधे सैल करायचे, ओरखडा बघायचा, आणि "मोठं आयुष्य त्याला."  आक्काच्या ओटीवर तिच्या सासरची माणसे जमलेली दिसत होती. मला आता कळते, की शेटना आक्काला पहिली बसवायचे नव्हते आणि शेवटचीही बसवायचे नव्हते. तिचे घर आळीच्या मधोमध होते. तिचा क्रम तिथेच यायला हवा होता.

तो आला तेव्हा म्हातारी दारात आडवी उभी राहिली.

"हितं कशाला आलास? काल तूच तर सांगितलास."

"काल मी माझ्या नेमाचं सांगितलं, आये. तुझ्या मुलाचं मला काय ठाऊक?"

"माज्या जिवाला ठाऊक हाय."

"असेल," शेट म्हणाले. "आईच्या जिवाला मी खोटं म्हणत नाही. पण मचव्यावरचा माणूस येऊन सांगत नाही तोवर ही सवाशीण आहे, आणि मी सवाशिणीचा हात मागं सारला. ते माझ्यानं सोसवत नाही. मला भरू दे. पुढचं समुद्राकडून कळेल तेव्हा कळेल."

म्हातारी दार सोडून गेली नाही. पण थोडी बाजूला झाली. आक्का बाहेर येऊन बसली. तिचे हात इतके कापत होते की बांगडी सांध्यावरून जाईना. पहिलीच बांगडी कडकन वाढली. जमलेल्यांतून कोणीतरी श्वास ओढला.

"माझे हात ओले आहेत," शेट म्हणाले आणि धोतराला हात पुसू लागले. 

तेव्हा म्हातारी खाली बसली. तिने आपल्या दोन्ही हातांनी आक्काचे मनगट धरले, घट्ट, लहान मुलाचे धरावे तसे. म्हातारीची मनगटे उघडी होती. त्यांच्यावर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या, काचेने कापून भरून आलेल्या. त्या दिवशी मी त्या प्रथमच पाहिल्या. शेटनी पुन्हा बांगडी घेतली. ती गेली. मग दुसरी गेली.  नुसता काचेला काच लागल्याचा आवाज येत होता. दोन्ही हात भरले. आक्का वाकली आणि शेट म्हणाले, "मोठं आयुष्य त्याला." इतर घरी म्हणाले होते त्याच आवाजात. मग गाठोडे उचलून ते पुढच्या घरी गेले.

घरी आल्यावर ते तापाने पडले. काकींनी त्यांना काढा दिला आणि पडदा जिथल्या तिथे सारला, पण बांगड्यांची भिंत अलीकडे ठेवून. ती पुढे तशीच राहिली.

ते पावसाळ्याचे उरलेले दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. आक्का अधूनमधून दुपारी पडद्यामागे येऊन बसे. शेट परातीत पाणी घेऊन तिला पत्र्याची आगबोट चालवून दाखवत. किल्ली संपेपर्यंत ती परातीच्या कडेकडेने फिरे आणि आक्का गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बघे. ती भावोजींबद्दल आत्ताच बाहेर गेल्यासारखे बोले. "त्याला ओला अंथरुण चालत नाय." "त्याला पोळीपेक्षा भाकरी बरी." कंदिलाच्या उजेडात तिच्या हातांतली काच हिरवी चमके. ती सुखी होती असे मी म्हणणार नाही. पण ती एका माणसाची बायको होती, आणि तेवढे आठवडे कोणी तिच्या मनगटांकडे पाहत नव्हते.

पौर्णिमा झाली. नवलाईचा पडदा वर गेला, शेटनी अत्तराचा फाया घातला, घड्याळे वाजू लागली. भाद्रपदात दक्षिणेकडून पहिला मचवा आला. त्यावर भावोजींच्या मचव्यावरचे दोघेजण होते. ते एका फळीला धरून किनाऱ्याला लागले होते. बाकीच्यांना त्यांनी डोळ्यांनी जाताना पाहिले होते.

मी दुकानात जाऊन एवढेच म्हणालो, "शेट, मचव्यावरचा माणूस आला." त्यांनी कानातला फाया काढून ठेवला आणि काकींकडे खोबरेल तेल मागितले.

आम्ही पोहोचलो तेव्हा ओटीखाली दगड आणून ठेवलेला होता. आक्का भिंतीला टेकून बसली होती. तिचे डोळे कोरडे होते आणि कोणाकडे बघत नव्हते. तेलाची वाटी घेऊन शेट तिच्यासमोर बसले.

"मी भरल्या, मी काढतो," ते म्हणाले.

भावोजींचे चुलते पुढे झाले. "शेट, काडत नाहीत. फोडतात. रीत हाय."

"काडू दे त्याला," म्हातारी आतून म्हणाली. ती बाहेर आली आणि दगडावर पाय देऊन उभी राहिली. "माजे हात ह्याच वंशाच्या बायकांनी दगडावर आपटले. चार दिवस रगत थांबला नव्हता. तेवढ्यानं माजा माणूस काय जास्त मेला?"

चुलते मागे झाले.

शेटनी बोटे तेलात बुडवली आणि आक्काचा हात हातात घेतला. आधी नुसता दाबत राहिले. सांधे, तळवा, अंगठ्याचे मूळ. भरतानापेक्षा जास्त वेळ. मग एकेक बांगडी फिरवत, थांबत, पुन्हा फिरवत खाली आणली आणि म्हातारीच्या पदरात ठेवली. एकही वाढली नाही. बाहेर ऊन पडले होते, पावसानंतरचे ते पातळ ऊन, आणि समुद्र त्या दिवशी निळा होता. आळी सगळी उभी होती; पण काच काचेला लागण्याएवढाही आवाज झाला नाही.

दोन्ही हात रिकामे झाले तेव्हा आक्का सवयीने वाकली. शेटच्या ओठांवर त्यांचे नेहमीचे शब्द आले, ते मी पाहिले, आणि त्यांनी ते गिळले. त्यांना दुसरे शब्द येत नव्हते. मग त्यांनी तिची मनगटे उन्हाकडे धरली आणि उलटीसुलटी करून नीट पाहिली.

"कुठं लागलं नाही ना, बाय?"

"नाय," आक्का म्हणाली, आणि बातमी आल्यापासून पहिल्यांदा रडली.